नळीवरची ज्योत आणि चंद्रभागेचं गाडगं

अन्याय चंद्रभागाबाईवर झाला. केव्हा झाला तेही सांगतो : गेल्या भोगीला, भर दुपारी, जेवणाची सुट्टी होऊन कापसाच्या जिनाचं इंजिन थांबल्यावर. दारू पाजून बायका पाडल्या, असा आळ घालून तिला फाटकाबाहेर काढलं. ती दारू नव्हती. तो जिनाच्या भट्टीचा गॅस होता. जो जळत ठेवायचा तो गॅस विझवून, कच्चाच, बायका जेवायला बसतात तिथं सोडला होता. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचा पुरावा समजा.

जिनाचं नाव लिहीत नाही. संपादकांनी हात जोडून तेवढी एक अट घातली. अमरावतीचं आहे, एवढं पुरे. दिवाळी अंकात लोकांना थोडं हसायला हवं असतं, असंही ते म्हणाले. हसण्यासारखं मी पाहिलंच नाही असं नाही, तेही सांगतो. पण माझी सवय हँडबिलाची. आता अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका खोलीत बसून पाठपोट कागदावर जिन-कामगारांसाठी पत्रकं लिहितो. त्याआधी त्या जिनात गॅसच्या भट्टीवर होतो. लोक मला 'गॅसवाले भाऊ' म्हणत.

भट्टी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण ते न कळल्यामुळंच सगळं झालं.

जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि इंजिनाचं तेल मिळेना. वऱ्हाडातली कितीतरी जिनं हात बांधून बसली. आमच्या शेठनी कोळशाच्या गॅसचं यंत्र आणलं. यंत्र साधं आहे. लोखंडाचं एक उंच पिंप, आतून विटांनी बांधलेलं. त्यात मेळघाटातला कोळसा, परतवाड्याहून गाड्यांनी येणारा. तळाशी विस्तव. त्या विस्तवाला हवा मुद्दाम अपुरी द्यायची. चुलीला पोटभर हवा मिळाली की जळण पुरतं जळतं, मागं राख उरते आणि प्रकरण मिटतं. हवा कमी दिली की कोळसा अर्धवट जळतो. त्या अर्धवटपणातून जो वायू निघतो त्याचं जळणं अजून बाकी असतं. तो पाण्याच्या टाकीतून धुऊन घ्यायचा, थंड करायचा आणि इंजिनात सोडायचा. इंजिनात तो जळतो, पट्टे फिरतात, सरकी काढायचे रेचे कापूस ओढतात, सरकी एकीकडं, रुई एकीकडं.

आता खरी गोम. इंजिन थांबवता येतं, भट्टी थांबवता येत नाही. विझवली तर पुन्हा पेटवून गॅस धरेपर्यंत अर्धी सकाळ जाते. म्हणून सुट्टीत तिला तशीच धगधगत ठेवतात. ती आपली गॅस करत राहते, आणि तो गॅस खाणारं इंजिन निजलेलं. मग तो जाणार कुठं? कोंडावा तर सांध्यासांध्यातून बाहेर येईल, नाहीतर झाकण उडवील. उतू जाणाऱ्या दुधावर झाकण दाबून दूध थांबत नाही, हे कोणत्याही बाईला विचारा. साठवावा तर घराएवढी टाकी हवी. म्हणून छपराच्या वर एक नळी नेलेली असते. जास्तीचा गॅस तिच्या तोंडाशी सोडायचा आणि तिथंच पेटवून द्यायचा.

पेटवायचा का? कारण कच्चा गॅस विष आहे. त्याला रंग नाही. पाण्यात धुतल्यावर वासही जवळजवळ उरत नाही. श्वासातून रक्तात शिरतो आणि तिथं हवेची जागा बळकावून बसतो, उठत नाही. माणूस हवेत बसून हवेवाचून गुदमरतो. तोच गॅस नळीच्या तोंडाशी जळला की त्याचं विष जातं. आपण श्वास बाहेर टाकतो तसला वायू होतो आणि वाऱ्यावर निघून जातो. मोठ्या शहरांतल्या रसायनांच्या कारखान्यांतही उंच नळ्यांवर असा विस्तव जळत असतो असं मी वाचलं आहे. पाहणाऱ्याला वाटतं, मालकाची संपत्ती जळते आहे. तिथं जळत असतं ते खाली काम करणाऱ्याचं मरण.

बाहेरच्या माणसाला हे पटवणं सोपं नव्हतं. चांदुराकडचे एक पाटील कापसाची गाडी घेऊन येत. सुट्टीत इंजिन थांबलं आणि मी नळीवर बांबूला बांधलेला पेटता बोळा धरला, की ते खाली उभे राहून ओरडत,

"काहून जाळून राहिला बे? कोळसा का तुह्या सासऱ्यानं धाडला?"

मी वरून सांगे, "पाटील, नाही जाळला तर तुमीच पडसान."

"मी पडत असतो का कोळशाच्या धुरानं? माह्या घरी एक नळी देऊन दे. आमची बुढी दिवसभर चूल फुंकून राहिली."

पुढच्या खेपेला ते फाटकावरून लपवून विडी घेऊन आले. बिनकाडीची विडी नळीवर पेटवून दे म्हणाले. मी दिली नाही, म्हणून वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आणि रेच्यावरच्या काशीआजी! त्यांनी ती ज्योत देवी ठरवून टाकली आणि दर मंगळवारी नळीच्या बुडाशी हळदकुंकू वाहू लागल्या. आमचे इंजिनड्रायव्हर रहीमचाचा त्या कुंकवाला पाय लागू देत नसत. "बुढीनं ठेवलं आहे, संभाल के," म्हणत आणि तेलाचा डबा वळसा घालून नेत.

पण जिनाची एक रीत सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जिनात 'आग' हा शब्द कुणी उच्चारत नाही. रानात साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, तसं. सगळीकडं रुई उडत असते, छपराच्या वाशांवर, पापण्यांवर, भाकरीवरसुद्धा. एक ठिणगी पुरे. फाटकावर पहारेकरी विड्या आणि काडेपेट्या काढून घेतो. आणि बायका आगीला 'थोरली' म्हणतात. थोरली म्हणजे थोरली सवत. ती घरात आली की बाकीच्यांनी घर सोडायचं. चंद्रभागा यावर म्हणायची, "माह्या घरी तर थोरली मीच. मलेच भ्या आता." आणि दोन्ही हातांनी कापूस रेच्यात लोटत हसायची.

मॅनेजर दत्तोपंत. त्यांना दुष्ट म्हणायला मला आवडलं असतं, पत्रक चांगलं झालं असतं. पण ते दुष्ट नाहीत. तरुणपणी दुसऱ्या एका जिनात रुईचं गोदाम पेटलं तेव्हा त्यांनी एका हमालाला आतून ओढून आणलं होतं. उजव्या तळहाताची कातडी तेव्हापासून आवळलेली आहे, मूठ पुरती उघडत नाही. त्या हातानं ते सही करतात. हमाल वाचला नाही. असा माणूस थोरलीला भ्याला तर मी त्याला हसणार नाही.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला स्टेशनच्या रस्त्यावर कापसाची एक गाडी जळाली. कुणाची तरी विडी. दुसऱ्या दिवशी सुट्टीत दत्तोपंत भट्टीकडं आले, वर पाहिलं आणि म्हणाले, "ही विझवा."

मी म्हणालो, "साहेब, ही विझवली तर गॅस कच्चा सुटेल."

"कापसाच्या आवारात उघडा विस्तव ठेवायचा? शहाणे आहात का? रहीममियाँ, तुम्ही तरी सांगा याला."

रहीमचाचांनी हात पुसले. "साहब, ये थोरली नाई. ये तो पहारा करून राहिली बिचारी."

"पहाऱ्याला फाटकावर माणूस आहे," दत्तोपंत म्हणाले.

त्यांनी नळी छपराखालून कापवली, तिला कोपर, म्हणजे वाकडा जोड, बसवलं आणि तोंड मागच्या बाजूला वळवून खाली केलं. ठिणगी कापसावर जाऊ नये म्हणून कापसापासून आवारातली सर्वांत लांबची जागा त्यांनी शोधली. जागा खरंच लांब होती. मागच्या भिंतीला टेकलेली टिनाची पडवी. तिथं रुई उडत नाही. आणि तिथं रुई उडत नाही म्हणूनच बायका भाकर खायला तिथं बसतात.

ही चूक कापसाच्या माणसाचीच. दुसऱ्या कुणाकडून ती होणार नाही. ज्याला विस्तव एवढा एकच शत्रू ठाऊक, तो विस्तव विझला की सुटकेचा श्वास घेतो आणि त्या श्वासात काय आलं ते पाहत नाही.

मी पुन्हा सांगायला गेलो. "हवेत विरून जाईल," ते म्हणाले. ऊन होतं, पडवी उघडी होती, तोवर विरलंही. एखादीचं डोकं दुखे, ती म्हणे ऊन लागलं. मग पौषातली थंडी पडली.

भोगीला चंद्रभागा डोक्यावर गाडगं घेऊन आली. तिचं घर भाजीवाल्यांचं. गावाबाहेर मळा, सासरा-नवरा वाफे राखतात, ती हंगामात जिनात येते. वांगी, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, ओली तूर, सगळं एकत्र शिजवून तिनं सगळ्यांसाठी आणलं होतं. तीळ लावलेल्या भाकरी फडक्यात. भट्टीपाशी येऊन मला आणि चाचांना आधी दिलं.

"घ्या भाऊ. माह्या मळ्यातलं आहे. उद्या गोड बोला म्हणून आज गोड खाऊ घालून राहिली."

चाचा म्हणाले, "हम तो रोज गोड बोलते, चंद्रभागा."

"तुमचं इंजिन बोलते का गोड? त्याले बी वाढू का?"

गॅसच्या इंजिनाला वाफ नसते, म्हणून शिटीही नसते. आमच्याकडं टांगलेला रुळाचा तुकडा बडवत. तो वाजला, पट्टे थांबले, बायका मागं गेल्या. वारा बोचरा होता, म्हणून त्यांनी पडवीच्या उघड्या बाजूला ताडपत्री बांधली. चंद्रभागा सगळ्यांत आत, भिंतीशी, कोपराच्या जवळ बसली. लोखंड ऊबदार होतं. मी आणि चाचा भाजी-भाकर घेऊन पुढं उन्हात बसलो.

आधी मागून हसणं ऐकू आलं. रोजच्यापेक्षा मोठं. मग कुणी गाणं धरलं आणि मध्येच सोडलं. मग काहीच नाही. चाचा खाता खाता थांबले. "इतक्या बायका अन् चुप?"

आम्ही ताडपत्री ओढून काढली. बायका एकमेकींवर कलंडल्या होत्या. चेहरे लाल, गाल तर कुंकू चोळल्यासारखे. काही ओकत होत्या. काशीआजी उठायला गेल्या आणि दोन पावलांत बसल्या. चंद्रभागेला मी काखेत धरून ओढलं तेव्हा तिची मान मागं लोंबत होती. उन्हात आणून सगळ्यांना निजवलं, वारा घातला. एकेक करून शुद्धीवर आल्या. चंद्रभागा शेवटी आली. डोळे उघडले आणि काही बोलायला गेली, पण जीभ अडखळली.

त्याच वेळी दत्तोपंत पोचले. त्यांनी पाहिलं ते काय? लाल चेहरे, झोकांड्या, ओकाऱ्या, अडखळती जीभ. आणि मधोमध रिकामं गाडगं.

"हे कुणी आणलं?"

कुणीतरी चंद्रभागेचं नाव सांगितलं.

"हिचं माहेर कुठलं?"

परतवाडा. मेळघाटाच्या तोंडाशी. तिथं मोहाची दारू मिळते हे अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक. झालं. ज्यांनी तिच्या गाडग्यातलं खाल्लं त्याच पडल्या. हिशेब इतका स्वच्छ होता की कुणाला दुसरा करावासा वाटला नाही.

मी म्हणालो, "साहेब, मी खाल्लं. चाचांनी खाल्लं. आम्ही उभे आहोत. आम्ही उन्हात बसलो होतो."

"तुम्ही पुरुष. तुम्हाला चढली नसेल," दत्तोपंत म्हणाले. हे वाक्य मी पुष्कळ जागी पत्रकात छापलं आहे. लोक हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

चंद्रभागेला दोघींनी धरून फाटकापर्यंत नेलं. तिच्या पायांत बळ नव्हतं आणि ते बळ नसणं हाच पुरावा धरला गेला. फाटकाशी ती थांबली आणि एवढंच म्हणाली, "मी नाई पेली वो. माय शप्पत." तेही अडखळतच.

मी चाचांना विचारलं, नळीवर पुन्हा ज्योत लावू का? ते म्हणाले, "खाली तोंड केलेल्या नळीवर लावली तर पडवी जळंन. आधी नळी उभी पाहिजे. अन् नळी साहेबाच्या हुकमानं झुकली." बायकांना मी पडवीत बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या उघड्यावर, थंडीत, रुई झटकत जेवल्या. संक्रांतीचा तिळगूळ कुणी कुणाला दिला नाही. एकमेकींकडं पाहताना प्रत्येकीच्या मनात एकच : आपण प्यालो का? आपल्याला कळलंही नाही का?

मग संक्रांतीनंतरची ती दुपार. दत्तोपंतांना बाटली सापडायला हवी होती. पुराव्याशिवाय माणूस काढला ही बोच त्यांनाही असावी. मी त्यांना तेवढं श्रेय देतो. सुट्टीत, आम्ही पुढं असताना, ते एकटेच मागच्या पडवीत शिरले. ताडपत्री कुणीतरी पुन्हा बांधून ठेवली होती. कोपराखाली वाकून, भिंतीच्या सांदीत हात घालून ते बाटली शोधत बसले. बराच वेळ.

काशीआजींनी आधी पाहिलं. दत्तोपंत ताडपत्रीतून बाहेर आले ते भिंतीला धरून. चेहरा लालबुंद. टोपी पडलेली. काही सांगायला गेले आणि शब्द तोंडात घोळले. गुडघे वाकले. चाचांनी आणि मी त्यांना धरून उन्हात निजवलं. ते ओकले. आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस.

बायका भोवती उभ्या राहिल्या. काशीआजी पदर सावरून पुढं झाल्या आणि अगदी काळजीच्या आवाजात म्हणाल्या,

"सायबाइनं कोणाच्या गाडग्यातलं खाल्लं वो?"

दत्तोपंतांनी डोळे मिटून घेतले. ते ऐकत होते.

त्याच संध्याकाळी नळी पुन्हा उभी झाली, पहिल्यापेक्षा उंच. ज्योत लावायला काडेपेटी लागली, ती फाटकावर जप्त केलेल्यांतून मागवली. दत्तोपंतांनी बोळा पेटवून माझ्या हाती दिला. त्याच आवळलेल्या हातानं. निळी ज्योत धरली तेव्हा ते दोन पावलं मागं सरले, पण गेले नाहीत. उभे राहिले. मला त्या वेळी त्यांचा राग आला नाही.

राग नंतर आला. मी म्हणालो, "साहेब, आता चंद्रभागेला बोलावणं पाठवा."

ते म्हणाले, "ज्योत लावली ना? मग झालं."

"तिच्यावर आळ आहे."

"तिला परत घेतलं तर गॅस होता असं म्हणावं लागेल. गॅस होता म्हटलं तर नळी कुणी वाकवली ते बाहेर येईल. शेठ आहेत, कारखाने तपासणारा नागपूरचा इन्स्पेक्टर आहे. माझीही मुलंबाळं आहेत हो." हे सांगताना ते खाली पाहत होते. मी दुसऱ्या दिवशी शेठकडं गेलो. तिसऱ्या दिवशी मीही फाटकाबाहेर होतो. चाचा राहिले. ज्योतीवर कुणीतरी पाहिजेच.

मधे मी अमरावतीला गेलो तेव्हा बाजारात चंद्रभागेला भेटलो. मेथी-पालकाच्या जुड्या घेऊन बसली होती. तिचं डोकं अजून दुखतं. भाव सांगताना एखादा शब्द अडतो. गॅसनं असं होतं, बरेच महिने राहतं. पण गिऱ्हाईक काय म्हणतं? माझ्यासमोर एक बाई जुडी परत ठेवून सोबतीणीला म्हणाली, "हेच ते मोहवाली. पाय, अजून तोंड लटपटते."

म्हणजे ज्या विषानं ती पडली, त्याच विषाची खूण तिच्यावरचा आळ रोज ताजा करते आहे.

मी म्हणालो, "बाई, दुसऱ्या जिनात लावून देतो. अकोल्याला चला."

ती पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, "अकोल्याले काहून जाऊ भाऊ? तिथं मले कोणी दारूडी म्हटलं नाई. जिथून पेली म्हणून हाकललं, तिथंच नाई पेली म्हणून बसवा. माह्याच रेच्यावर. मंग एक दिवस काम करून मी सोडून देईन, पण बसवा." आणि मला मेथीची जुडी दिली. नको म्हणालो तर म्हणाली, "खा. तुमी खाल्लं तरी पडत नाई."

आता दिवाळी झाली की जिनं उघडतील. दत्तोपंत, तुम्ही हा अंक घेता हे मला ठाऊक आहे. ज्या फाटकाशी तिला काढलंत, त्या फाटकाशी उभे राहून चार शब्द बोला. तुम्ही एका हमालासाठी विस्तवात हात घातला होता. हे त्याहून सोपं आहे.

ते बोलतील की नाही मला माहीत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगतो, जे गाडी भरून कापूस जिनात नेणार आहात त्यांना. तुमच्या गाडीशिवाय जिन चालत नाही. फाटकाशी गाडी थांबवा. वर पाहा. इंजिन थांबलेलं असेल आणि नळीवर ज्योत नसेल, तर आत जाऊ नका. आणि अमरावतीच्या फाटकाशी असाल तर पहारेकऱ्याला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारा : चंद्रभागाबाई तिच्या रेच्यावर बसली का? बसली असं उत्तर येईपर्यंत गाडी आत नेऊ नका, बैलांच्या मानेवरचं जू उतरवू नका.